नदीसाठी किती पाणी राखायचं? कोकणातल्या नदीचं महिनावार वेळापत्रक तयार करण्याची पद्धत

मुंबई दिवसाला साधारण ३,८५० दशलक्ष लिटर पाणी घेते. त्यातलं बहुतेक वैतरणा, तानसा आणि भातसा या नद्यांवरच्या धरणांतून येतं, थोडं विहार आणि तुळशीतून. जलनियोजनाच्या कागदावर पिण्याच्या पाण्याला, सिंचनाला आणि उद्योगाला आपापला रकाना असतो. नदीच्या वाट्याला बहुतेक वेळा ‘उरलेलं’ येतं, आणि मार्चनंतर उरलेलं म्हणजे काहीच नाही. नदीचा रकाना आकड्यांनी कसा भरायचा, ते या लेखात आहे. तालुका पातळीवर काम करणारे अभियंते, नदीसाठी झटणारे गट आणि या विषयाचे विद्यार्थी यांना तो वापरता यावा.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. नदीची गरज एका आकड्यात सांगता येत नाही. ती महिनावार सांगावी लागते, ठरावीक जागेसाठी सांगावी लागते, आणि पाणी सोडणाऱ्याला मोजता येईल अशी सांगावी लागते. यातलं एक जरी सुटलं तरी आकडा अहवालातच राहतो.

नदीचे तुकडे पाडा

एका नावाची नदी प्रत्यक्षात चार-पाच वेगवेगळ्या नद्या असते. भातसा धरणातून मुंबईसाठी सोडलेलं पाणी नदीच्याच पात्रातून पिसे बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथून उचललं जातं. म्हणजे पिसेच्या वर भर मे महिन्यातही पात्र वाहतं, खाली मात्र चित्र वेगळं. अप्पर आणि मध्य वैतरणेचं पाणी नदीतूनच मोडक सागर धरणात उतरतं, त्यामुळे धरणांच्या मधल्या पात्राला ते आपोआप मिळतं. तानसाचं पाणी जलवाहिन्यांनी थेट शहराकडे निघतं. तिथे धरणाच्या पायथ्याला, आणि पुढे वज्रेश्वरी-गणेशपुरीपाशी, पात्रात काय उरतं हे उन्हाळ्यात जाऊनच बघावं लागतं. कुंडलिकेत तर १९२७ पासून भिरा वीजगृहातून मुळशी धरणाचं, म्हणजे घाटावरचं पाणी उतरतं. तिचा उन्हाळी प्रवाह तिचा स्वतःचा नाही.

म्हणून धरण, उपसा, वीजगृहाचं पाणी, मोठा नाला, उपनदीचा संगम आणि भरतीचं पाणी पोचतं ती शेवटची जागा, अशा प्रत्येक ठिकाणी नकाशावर रेघ मारा. दोन रेघांमधला भाग म्हणजे एक तुकडा. प्रत्येक तुकड्यात एक मापनस्थळ निवडा, आणि ते खळाळावर असू द्या, म्हणजे पाणी उथळ होऊन दगडांवरून वाहतं तिथे. पाणी कमी झालं की सगळ्यात आधी तिथलीच वाट तुटते. डोहात पाणी दिसतंच, म्हणून डोहावर मोजणारा नेहमी फसतो.

कोणाला, कधी, किती: आधी पात्रात उतरून विचारा

पात्रातून दोनदा चाला, एकदा मेच्या उत्तरार्धात आणि एकदा श्रावणात. पाणवठ्यावर येणाऱ्या बायका, खाडीतले कोळी, पात्रात मासे धरणारे कातकरी, राफ्टिंगचे गाईड, घाटावरचे पुजारी या सगळ्यांशी बोला. “किती पाणी लागतं?” असं विचारलंत तर “भरपूर” एवढंच उत्तर मिळेल. त्याऐवजी विचारा: “कुठल्या दगडापर्यंत पाणी असलं की तुमचं काम होतं? आणि कुठल्या दगडावर गेलं की तुम्ही पोरांना पाण्यातून बाहेर काढता?” त्या दगडांवर ऑइल पेंटने खूण करा. पुढे प्रवाह मोजताना त्या खुणेला किती विसर्ग (सेकंदाला वाहणारं पाणी) असतो ते कळतं, आणि लोकांच्या अनुभवाचं लिटर प्रति सेकंदात रूपांतर होतं. ही खूण शंभर पानांच्या प्रश्नावलीपेक्षा जास्त उपयोगी पडते.

माहिती बारा महिन्यांच्या तक्त्यात भरा. आडव्या ओळी वापरांच्या, उभे रकाने महिन्यांचे. भाद्रपदातल्या विसर्जनाला पाणी कमी पडत नाही. तिथे प्रश्न पाणी जास्त असण्याचा आणि ओढीचा असतो. माघी गणपतीला मात्र घाटाशी गुडघाभर तरी पाणी आहे का, हे बघावं लागतं. तक्ता नसेल तर अशा गोष्टी निसटतात.

नैसर्गिक प्रवाह किती होता?

नदीवर जुनं मापनकेंद्र असेल तर दहा दिवसांच्या सरासरीच्या नोंदी मिळवा, शक्यतो वीस वर्षांच्या किंवा जास्त. धरणानंतरच्या नोंदी नैसर्गिक नसतात. त्यांत उपसलेलं आणि साठवलेलं पाणी पुन्हा जोडावं लागतं. केंद्र नसेल तर शेजारच्या, तशाच पावसाच्या आणि तशाच खडकाच्या खोऱ्यातला प्रवाह पाणलोट क्षेत्राच्या प्रमाणात घ्या. पावसाळ्यासाठी हे बरं जमतं. उन्हाळ्यासाठी जमत नाही, कारण एका झऱ्याने सगळं गणित बदलतं. उन्हाळ्यात धरणाच्या वरच्या बाजूला, जिथे ओढे अजून मोकळे आहेत, तिथे प्रत्यक्ष मोजाच.

आता कोकणातली सगळ्यात मोठी चूक. पर्यावरणीय प्रवाहासाठी, म्हणजे नदी जिवंत राहावी म्हणून राखायच्या पाण्यासाठी, जगभर वापरली जाणारी टेनंटची पद्धत १९७६ची आहे. वर्षाच्या सरासरी प्रवाहाच्या १० टक्के म्हणजे जेमतेम जगण्यापुरता, ३० टक्के म्हणजे बरा, ६० टक्के आणि वर म्हणजे उत्तम, असा तिचा ढोबळ हिशेब. ती अमेरिकेतल्या, बर्फ वितळून वाहणाऱ्या नद्यांवर बेतलेली आहे. आपल्याकडे ती लावून बघू. समजा, ५० चौरस किलोमीटरचं पाणलोट, वर्षाला २,५०० मिलिमीटर पाऊस, त्यातला ७० टक्के नदीत आला. वर्षाचा प्रवाह झाला ८७.५ दशलक्ष घनमीटर, म्हणजे सरासरी सेकंदाला २.७७ घनमीटर. त्याचे १० टक्के म्हणजे २७७ लिटर. मे महिन्यात ही नदी धरणाआधीही सेकंदाला जेमतेम २० लिटर वाहत असेल, तर २७७ लिटर मागणं म्हणजे तिच्याकडे कधीच नव्हतं ते मागणं. उलट जुलैत वर्षाच्या ४० टक्के पाणी येतं असं धरलं तर प्रवाह १३ घनमीटर असतो आणि २७७ लिटर म्हणजे त्याचे दोन टक्के. मेमध्ये अशक्य, जुलैमध्ये थट्टा. पाणीपुरवठ्याचा अधिकारी पहिली बाजू दाखवून अख्खा प्रस्ताव बाजूला ठेवतो, आणि त्याचं चुकत नाही.

गंगेसाठी केंद्राने ऑक्टोबर २०१८ मध्ये काढलेल्या अधिसूचनेत हरिद्वारपर्यंतच्या वरच्या टप्प्यासाठी नोव्हेंबर ते मार्च २० टक्के, ऑक्टोबर, एप्रिल आणि मे २५ टक्के, जून ते सप्टेंबर ३० टक्के असे आकडे आहेत. हे टक्के त्या त्या काळातल्या प्रवाहाचे आहेत, वर्षाच्या सरासरीचे नाहीत. आपण घ्यायचा तो हा विचार. आकडे जसेच्या तसे उचलू नका. ते हिमालयातल्या नदीचे आहेत.

प्रत्यक्ष मोजणी

लहान पात्रात साधनं साधी लागतात: टेप, खुणेची काठी, स्टॉपवॉच आणि एक संत्रं. संत्रं बहुतेक पाण्याखाली राहून तरंगतं, त्यामुळे वाऱ्याने फारसं भरकटत नाही. दहा मीटरचा सरळ तुकडा घ्या. तीन ठिकाणी आडवं माप घेऊन दर अर्ध्या मीटरवर खोली नोंदवा. संत्रं निदान सहा वेळा सोडा, काठाशी आणि मधोमध दोन्हीकडे. समजा सरासरी २५ सेकंद लागले, म्हणजे पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ०.४ मीटर. पात्र चार मीटर रुंद आणि सरासरी २२ सेंटिमीटर खोल, म्हणजे छेद ०.८८ चौरस मीटर. तळाशी पाणी हळू असतं म्हणून वेगाला ०.८५ने गुणतात. विसर्ग आला सेकंदाला ३०० लिटर.

गडबड इथेच होते. ०.८५ हा गुणक गुळगुळीत, बऱ्यापैकी खोल पात्राचा आहे. सह्याद्रीच्या पायथ्याच्या दगडगोट्यांच्या उथळ पात्रात तो ०.६५च्या आसपास धरावा लागतो, आणि तोच विसर्ग २३० लिटर होतो. फरक ७० लिटरचा. उन्हाळ्यात ज्या पाण्यावरून वाद होतो ते याहून कमी असतं. म्हणून उन्हाळ्यात लहान ओढ्यावर तात्पुरती पत्र्याची नव्वद अंशांची, इंग्रजी V आकाराची खाच बसवा आणि पाणी त्यावरून पडू द्या. खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची १० सेंटिमीटर असेल तर सेकंदाला साधारण ४.४ लिटर, २० सेंटिमीटर असेल तर २५ लिटर. उंची पत्र्यावर मोजू नका. तिथे पाणी घसरलेलं असतं. मागे, उंचीच्या चौपट अंतरावर मोजा. कडांना चिकणमाती नीट लिंपा, नाहीतर पाणी बाजूने पाझरतं आणि आकडा कमी येतो.

शहरातल्या नद्यांत आणखी एक वजाबाकी आहे. मिठी, पोईसर, ओशिवरा फेब्रुवारीतही वाहतात, पण ते पाणी नदीचं नसतं. दर माणशी १३५ लिटर पाणीपुरवठा आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी धरलं तर दहा हजार वस्तीमागे सेकंदाला साडेबारा लिटर. मोजलेल्या विसर्गातून हे आधी वजा करा. बऱ्याच ठिकाणी बाकी शून्य येते. तीच खरी नोंद, ती तशीच लिहा.

पर्यावरणाची गरज: पाच वेगळे प्रवाह

कोरडे महिने. मार्च ते मे या काळात नदी ओळीने डोह आणि त्यांना जोडणारी पाण्याची बारीक दोरी एवढीच असते. ती दोरी तुटली की डोहातलं पाणी तापतं, प्राणवायू उतरतो आणि पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढतात. महाडजवळच्या वाळण कोंडातले देवीचे मासे लोकांनी श्रद्धेने राखले आहेत. अशा कोंडात येणारं पाणी राखणं हेही त्या राखण्याचाच भाग आहे. कोकणासाठी आमचा सरळ नियम: या तीन महिन्यांत धरणात वरून जेवढं नैसर्गिक पाणी येतं तेवढं सगळं खाली सोडा. ते इतकं कमी असतं की टक्केवारी काढण्यात अर्थ नाही.

पहिला लोंढा. मृगाच्या पहिल्या दमदार पावसात मासे प्रवाहाच्या उलट, ओढ्यांत आणि खाचरांत अंडी घालायला चढतात. ठाणे-रायगडात याला वल्गण म्हणतात. सगळं पहिलं पाणी धरणाने अडवलं तर खालच्या पात्राला सांडवा वाहीपर्यंत, बहुतेक जुलै-ऑगस्टपर्यंत, थांबावं लागतं, आणि वल्गण हुकते. पण जूनच्या मध्यावर तलाव तळाला असतात, शहराच्या पोटात गोळा आलेला असतो. तेव्हा साठ्यातून पाणी मागू नका. आत येणाऱ्या पहिल्या लोंढ्याचा चौथा हिस्सा दीड दिवस पुढे जाऊ द्या, एवढंच मागा. वरच्या उदाहरणातल्या नदीत सेकंदाला दीड घनमीटर दीड दिवस सोडले तर १९४ दशलक्ष लिटर होतात, म्हणजे मुंबईचा सव्वा तासाहून थोडा कमी पुरवठा.

भर पावसातले मोठे पूर पात्रातला गाळ धुऊन नेतात. चांगल्या पावसाच्या वर्षी सांडवा हे काम करतोच, फक्त ते होतंय याची नोंद ठेवा. ओसरतीचे महिने, ऑक्टोबर-नोव्हेंबर, यात घात होतो तो दरवाजे एका दिवसात बंद करण्याने. माशांची पिल्लं काठाच्या उथळ पाण्यात असतात. पातळी तासाला अडीच ते पाच सेंटिमीटरपेक्षा वेगाने उतरली तर ती दगडांच्या खळग्यांत अडकून मरतात.

खाडीची गरज हिशेबातून हमखास सुटते. गोड्या पाण्यातली मोठी कोलंबी पिल्लं वाढवायला मचूळ पाण्यात उतरते आणि पुढे पिल्लं नदीत वर चढतात. ही वाट उतरण्याच्या आणि चढण्याच्या दोन्ही ऋतूंत उघडी हवी. मार्च ते मे दर पंधरवड्याला अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला, भरती टेकलेली असताना, दर दोन किलोमीटरवर क्षारता मोजा. खारं पाणी दर वर्षी किती वर सरकतं हे त्यातून दिसतं, आणि पाणीयोजनेच्या उपशाची जागा धोक्यात आहे का, हेही.

हे सगळं झालं की खळाळावर तपासा. सुचवलेल्या प्रवाहात तिथल्या सगळ्यात खोल वाटेत किती पाणी राहतं? तिथल्या मोठ्या माशाच्या अंगाच्या उंचीच्या दीडपट ते दुप्पट खोली तरी हवी. नसेल तर प्रवाह वाढवा. काही वेळा दोन दगड हलवून पाणी एका वाटेत आणणं स्वस्त पडतं, पण ते स्थानिक मासेमाराला विचारून करा.

पोहणं, राफ्टिंग, सहल, घाट

लोकवापराला खालची मर्यादा असते तशी वरचीही असते, आणि वरची आधी लिहावी. पाण्यात उभं राहण्याची सुरक्षितता खोली आणि वेग यांच्या गुणाकारावर ठरते. खोली मीटरमध्ये आणि वेग सेकंदाला मीटरमध्ये घेऊन गुणाकार मुलांसाठी ०.४च्या आत, धडधाकट माणसासाठी ०.६च्या आत ठेवावा. मांडीपर्यंत, अर्धा मीटर पाणी आणि सेकंदाला एक मीटर वेग म्हणजे ०.५. मोठा माणूस उभा राहील, मूल वाहून जाईल. दिसायला दोघांसाठी पाणी सारखंच.

राफ्टिंगसाठी कुंडलिकेवरच्या कोलाडचं उदाहरण बघा. तिथे बोटी चालतात त्या वीजगृहातून सोडलेल्या पाण्यावर. पाणी सकाळी येतं म्हणून राफ्टिंग सकाळी. अशा ठिकाणी गरज ठरवायची तर वेगवेगळ्या विसर्गांना, निदान चार, त्याच गाईडांना त्याच टप्प्यातून उतरवा आणि प्रत्येक फेरीनंतर बोट कुठे घासली, कुठे उतरून ओढावी लागली, कुठला टप्पा धोक्याचा वाटला हे लिहून घ्या. त्यातून तीन आकडे निघतात: किमान, चांगला आणि ‘आज बोट नको’. एकाच विसर्गावर मत विचारलंत तर लोक सवयीचा आकडाच सांगतात.

अशा नदीत पाणी पोचायला लागणारा वेळ मोजून फलकावर लावा. पाण्याची आघाडी सेकंदाला दीड मीटरने सरकत असेल तर दहा किलोमीटरवर ती पावणेदोन-दोन तासांनी येते. वर भोंगा वाजला तेव्हा खाली खडकावर डबा उघडून बसलेल्या कुटुंबाला तो ऐकूही येत नाही. म्हणून विसर्ग टप्प्याटप्प्याने वाढवा: आधी अर्धा तास थोडं पाणी, जेणेकरून माणसं आपणहून उठतील, मग पूर्ण.

आंघोळीच्या घाटांवर प्रमाणाआधी पाण्याची प्रत तपासा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांप्रमाणे विरघळलेला प्राणवायू लिटरला ५ मिलिग्रॅम किंवा जास्त, बीओडी (पाण्यातली घाण कुजताना खर्च होणारा प्राणवायू) ३ मिलिग्रॅम किंवा कमी, सामू ६.५ ते ८.५, आणि मलजन्य कोलिफॉर्म जिवाणू १०० मिलिलिटरमध्ये ५००पर्यंत असावेत, २,५००च्या वर कधीच नकोत. इथे एक मोह आवरा. सांडपाणी पातळ करायला धरणाचं पाणी मागू नका. सेकंदाला ५० लिटर सांडपाणी, बीओडी १५०. बीओडी १ असलेलं स्वच्छ पाणी मिसळून ते ३वर आणायला सेकंदाला ३,६७५ लिटर लागतात, दिवसाला सुमारे ३१८ दशलक्ष लिटर. ८,०४६ दशलक्ष लिटरचा अख्खा तुळशी तलाव पंचवीस दिवसांत संपेल. सांडपाणी नाल्यातच अडवून शुद्ध केलं पाहिजे. नदीच्या वाट्याच्या पाण्यात त्याचा हिशेब धरू नका.

आराखड्यात लिहिताना

आता उदाहरणातल्या नदीचं वेळापत्रक मांडू. नैसर्गिक प्रवाह सेकंदाला डिसेंबरात २५० लिटर, जानेवारीत १५०, फेब्रुवारीत ९०, मार्चमध्ये ५०, एप्रिलमध्ये ३०, मेमध्ये २० धरा. डिसेंबर ते फेब्रुवारी निम्मा आणि मार्च ते मे पूर्ण सोडायचा ठरवला तर सहा महिन्यांत ९१० दशलक्ष लिटर लागतात. नदीच्या वर्षाच्या प्रवाहाचा तो जेमतेम एक टक्का आहे, मुंबईच्या पुरवठ्याचे पावणेसहा तास. बैठकीत हा आकडा पहिला सांगा, टक्केवारीची चर्चा नंतर.

मग विचारा, सोडणार कुठून? मोठे दरवाजे सेकंदाला २० लिटर सोडण्यासाठी केलेलेच नसतात. धरणाच्या पायथ्याशी ३०० मिलिमीटर व्यासाचा, झडप असलेला वेगळा नळ लागतो. त्यातून १२५ लिटरही निवांत जातात. तळचं पाणी प्राणवायूने कमी असतं, म्हणून ते थेट पात्रात न सोडता दगडांच्या उतरंडीवरून एका चारीत पडू द्या. त्या चारीत कायमची नव्वद अंशांची खाच आणि शेजारी रंगवलेली पट्टी बसवा: डिसेंबरात ३८ सेंटिमीटर, मार्चमध्ये साडेसव्वीस, मेमध्ये १८. गावातली शाळकरी मुलगीही पट्टी वाचून पाणी कमी आहे की बरोबर, हे सांगू शकेल. खाच चारीतच ठेवा. नदीच्या मुख्य पात्रात बसवलीत तर माशांची वाट तीच अडवेल.

दुष्काळी वर्षाचा नियम आत्ताच लिहा, नाहीतर पहिल्याच टंचाईत नदीचं पाणी पूर्ण बंद होतं. शहरात १० टक्के कपात, तर नदीलाही १० टक्के. मार्च ते मेच्या दोरीला मात्र हात लावायचा नाही. झडप कोण फिरवणार त्याचं पद, नोंद कुठल्या वहीत आणि ती पंधरा दिवसांत कुठे जाहीर होणार, हे त्याच पानावर येऊ द्या. पहिली तीन वर्षं दर मेच्या अखेरीस त्याच खळाळावर, त्याच रंगवलेल्या दगडांपाशी पुन्हा मोजा. खूण आणि आकडा जुळत नसेल तर पात्र सरकलेलं असतं. अशा वेळी आडवा छेद नव्याने घ्या आणि पट्टीवरचे आकडे बदला.